अण्णांचं मशीन

बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. तब्येत उत्तम आहे, काळजी नसावी. (दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, म्हणून आधीच सांगून टाकतो.) झालं असं, की गेले दोन महिने मी आणि माझा नातू एका लोखंडी पेटीच्या मागे लागलो होतो. आपल्या घरातल्या जुन्या मंडळींना ती पेटी आठवत असेल. अण्णांचं मशीन!

नव्या वाचकांसाठी सांगतो. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. वैरागात आणि आसपासच्या खेड्यांत लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा त्यांचा धंदा होता. लग्न, बारसं, जत्रा, गणपती, सभा, काहीही असो, अण्णांचा कर्णा झाडावर चढलाच म्हणून समजा. कर्ण्याला आवाज पुरवणारा जो अ‍ॅम्प्लिफायर, त्याला गावात सगळे 'मशीन' म्हणत. "मशीन आलं का?" असं विचारलं की लग्नघरातली पोरं वेशीकडे धावत सुटायची.

दिवाळीत नातू पुण्याहून आला. तो इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. (म्हणजे काय वाजवतो ते मला फारसं कळत नाही, पण मन लावून वाजवतो.) जुन्या घराच्या माळ्यावर काहीतरी शोधताना त्याला पोत्यात गुंडाळलेली ती पेटी सापडली, आणि शेजारी बिस्किटाचा पत्र्याचा डबा. डबा उघडून तो ओरडलाच, "आजोबा, हा तर ट्यूब अँप आहे!" डब्यात वर्तमानपत्राच्या कागदात एकेक करून गुंडाळलेले काचेचे व्हॉल्व्ह होते. त्याच्या जगात अशा मशीनला मोठी किंमत आहे म्हणे. पाच मिनिटांत त्यानं व्हॉल्व्ह खोबणीत बसवायला घेतले आणि वायर बोर्डाकडे ओढली. मी जोरात ओरडलो. चाळीस वर्षं वर्गात ओरडल्याचा तेवढा एक फायदा झाला.

ओरडायला कारण होतं. मी सातवी-आठवीत असताना असंच एक बरेच दिवस पडून राहिलेलं मशीन हौसेनं लावायला गेलो होतो. अण्णांनी माझ्या हातावर चापट मारली आणि म्हणाले, "झोपलेल्या माणसाला लाथ मारून उठवतात का रे?"

हे मशीन तर चाळीस वर्षांहून अधिक काळ झोपलेलं. त्याला उठवण्याची हकीकत सांगायचीच आहे, पण त्याआधी ते आलं कुठून आणि त्यानं आमच्या गावात काय केलं, ते सांगतो. मास्तरकीची खोड, दुसरं काय!

लाउडस्पीकर येण्याआधी गावाला काही सांगायचं तर दवंडी पिटत. हलगीवर थाप मारून हाळी देणारा माणूस गल्लोगल्ली फिरे. हे काम बहुतेक ठिकाणी महार वतनात मोडायचं, म्हणजे हुकूम दुसऱ्याचा आणि घसा याचा. त्याला स्वतःचं काही सांगायचं असेल तर ते ऐकायला गाव थांबत नसे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणलं होतं. प्रत्यक्षात कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं.

दुसरा प्रकार म्हणजे ज्यांना निसर्गानंच आवाज दिला, असे लोक. कीर्तनकार, तमाशातले गायक, शाहीर. आमच्या तालुक्याचा मानाचा शाहीर म्हणजे अमर शेख. जन्म बार्शीचा, १९१६ सालचा. त्यांचा आवाज असा पहाडी, की माईक नसला तरी हजारोंची सभा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकायची, असं जुने लोक सांगायचे. पण असा गळा शंभर वर्षांत एखाद्याला मिळतो. बाकीच्यांनी काय करायचं?

बाकीच्यांसाठी व्हॉल्व्ह आला. इंग्लंडात फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये पहिला व्हॉल्व्ह केला, आणि १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात एक बारीक जाळी घातली. सगळी करामत त्या जाळीची. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत एक भाग तापवला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पट्टीकडे, म्हणजे प्लेटकडे धावतात. मध्ये जाळी. जाळीवर अगदी क्षीण विजेचा दाब कमी-जास्त केला, तरी मागून जाणारा मोठा प्रवाह त्याबरहुकूम कमी-जास्त होतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पाटाचं दार. दार वर-खाली करायला एका माणसाची ताकद पुरते, पण त्या दारामागचं पाणी अख्खं शिवार भिजवतं. माईकमधून येणारी वीज म्हणजे दारावरचा हात आणि कर्ण्यात जाते ते पाटाचं पाणी.

१९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत प्रिडहॅम आणि जेन्सन या दोघांनी आपला लाउडस्पीकर भल्या मोठ्या जमावाला ऐकवला. १९१९ मध्ये सॅन दिएगोला अध्यक्ष विल्सन त्यांच्याच यंत्रावरून सुमारे पन्नास हजार लोकांपुढे बोलले. आपल्याकडे १९३० नंतर काँग्रेसच्या सभांमधून मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ'चे लाउडस्पीकर दिसू लागले. नाव शिकागो, पण कंपनी देशी! गांधीजी, नेहरू, सुभाषबाबू यांचे सभेतले जुने फोटो नीट पाहा, माईकवर ते नाव वाचता येतं. गांधीजींचा आवाज मुळात हळू. यंत्र नसतं तर लाखाच्या सभेतले बहुतेक लोक नुसतं दर्शन घेऊन परतले असते.

हे वारं वैरागला पोचायला आणखी वीस-पंचवीस वर्षं लागली. अण्णा शाळा सोडून बार्शीत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात राहिले होते. १९५८ च्या सुमारास त्यांनी पहिलं मशीन आणलं, जुनंच, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं. खेड्यांत वीज कुठे होती? बॅटरी चार्ज करायला बार्शीला न्यायची. यष्टीच्या टपावर बॅटरी आणि तिला धरून बसलेले अण्णा! तिच्यातलं अ‍ॅसिड सांडून त्यांच्या धोतराला भोकं पडलेली असत. आई म्हणायची, "ह्याच्या धंद्यापेक्षा धोतराचा खर्च जास्त."

आता माळ्यावर सापडलं ते दुसरं मशीन, १९६५ च्या आसपासचं, विजेवर चालणारं. कंपनीच्या नावाची पट्टी केव्हाच निघून गेलीय. पण आतल्या लहान व्हॉल्व्हवर 'बीईएल' ही अक्षरं अजून दिसतात. म्हणजे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स. १९५४ साली निघालेल्या या सरकारी कारखान्यानं १९६१ च्या सुमारास व्हॉल्व्ह करायला घेतले. अण्णांना त्याचा कोण अभिमान! "विलायती नाही, आपला आहे," असं गिऱ्हाइकाला आवर्जून सांगायचे.

लग्नात अहेर पुकारायचं काम अण्णा स्वतः करत. "अमुक गावचे तमुक यांजकडून... एक रुपया!" रुपया असो की पितळी हंडा, सूर तोच. मी एकदा विचारलं, की रुपयासाठी एवढं ओरडायचं कशाला? ते म्हणाले, "अरे, त्याचं नाव कधी कुणी एवढ्या मोठ्यानं घेतलंय का?" हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. पुढे इतिहास शिकवायला लागल्यावर कळलं.

एका १४ एप्रिलला वस्तीवरच्या लोकांनी जयंतीसाठी मशीन सांगितलं होतं. गावातल्या काही वजनदार मंडळींनी अण्णांना सुचवून पाहिलं, की त्या दिवशी मशीन नादुरुस्त झालं तर बरं. अण्णा "बघतो" म्हणाले आणि सकाळीच जाऊन लिंबाच्या शेंड्याला दोन कर्णे बांधून आले. ज्या वस्तीकडून गावात फक्त दवंडीची हाळी यायची, तिथल्या माणसांचं स्वतःचं बोलणं त्या दिवशी पेठेत, देवळात, वाड्यांच्या माजघरांत ऐकू आलं. पुढच्या हंगामात अण्णांची दोन-तीन लग्नं हुकली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.

१९७२ च्या दुष्काळातही ते मशीन होतं. कामाचा पगार कुठे वाटणार, मिलो कधी मिळणार, हे बाजारतळावरून पुकारलं जायचं. भाडं कोण देणार होतं! तोवर मी बार्शीच्या कॉलेजातून बी.ए. झालो होतो. तेव्हा आमचं विद्यापीठ कोल्हापूरचं. माझी फी, पुस्तकं, खानावळ, सगळं ह्या मशीनच्या भाड्यातून आलं. हे इथे लिहून ठेवायचं होतं, कारण पुढे जे लिहिणार आहे ते लिहायला मला जड जातंय.

१९८१ चा मार्च. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. मी तोवर शाळेत मास्तर म्हणून स्थिरावलो होतो. गावात लागोपाठ कार्यक्रम आणि रात्री एक-दोन वाजेपर्यंत कर्णे. पोरं सकाळी तांबडे डोळे घेऊन वर्गात यायची. आम्ही काही शिक्षकांनी रात्रीचे लाउडस्पीकर बंद करावेत असा अर्ज केला. त्यावर माझीही सही होती, दुसऱ्या नंबरावर. गावात तेव्हा दोन-तीन मशीनवाले होते, त्यातले एक माझे थोरले बंधू. मी त्यांना आधी सांगितलं नाही. ऐन वेळी धीर झाला नाही, हे खरं.

अर्ज चुकीचा नव्हता, असं मी आजही म्हणेन. पुढे २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद आणि वस्तीच्या भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर कडक निकाल दिला. म्हणजे आमचं मागणं वीस वर्षं आधीचं, पण रास्त होतं. तरी सही ती सहीच. त्याच आठवड्यात अण्णांनी मशीन माळ्यावर टाकलं आणि पुढे पिठाच्या गिरणीवर बसू लागले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. १९९६ मध्ये ते गेले. तोपर्यंत मीही विषय काढला नाही.

असो. तर आता मशीन उठवण्याबद्दल.

बार्शीत एक जुने रेडिओ मेकॅनिक आहेत, माझ्याच वयाचे. त्यांच्याकडे पेटी नेली. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "लावून पाहिलं का?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, अशा मशीनला सगळ्यात जास्त इजा पहिल्या मिनिटात होते. जो वीज देऊन 'बघतो', तोच ते घालवतो.

कारण असं. आत विजेचा साठा करणारे मोठे कंडेन्सर असतात. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर एक अतिशय पातळ थर असतो आणि तोच वीज अडवून धरतो. मशीन चालतं राहिलं तर थर टिकतो. वर्षानुवर्षं पडून राहिलं तर तो विरतो. मग एकदम पूर्ण दाब दिला की कंडेन्सर गळतो, तापतो, कधी फुटतो, आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. थोडी वर्षं झाली असतील तर हळूहळू दाब वाढवत तो थर पुन्हा धरवता येतो. चाळीस वर्षांनंतर मात्र ते बदललेलेच बरे. आम्ही बदलले, साडेचारशे व्होल्टचे. जुने कागदी कंडेन्सरही काढले, कारण ते गळू लागले की मोठ्या व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद होऊन तो जळतो.

वायरचं रबर कडक होऊन तुटत होतं, एका जागी उंदरांनीही हात मारलेला. शिवाय जुन्या वायरला अर्थिंगच नव्हतं. तीन तारांची नवी वायर घातली. फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे चार पदर निघाले. मेकॅनिक हसले, "तुमच्या अण्णांना लग्न थांबू द्यायचं नसेल!" व्हॉल्व्हच्या खोबण्या साफ केल्या, सुटलेले सांधे नव्यानं डाखले. आणि एक गोष्ट त्यांनी नातवाला तीन-तीनदा बजावली. वायर काढल्यावरसुद्धा कंडेन्सरमध्ये तीन-चारशे व्होल्ट बसून असतात, माणूस मारायला तेवढे पुरतात. ते रेझिस्टन्समधून उतरवल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. हे काम शिकल्याशिवाय कुणी घरी करू नये, असं मीही इथे सांगतो.

मग सिरीज बोर्ड. मशीनकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत एक साधा साठचा पिवळा बल्ब जोडायचा. मशीनमध्ये कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि मशीन वाचतं. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. आता सगळीकडे एलईडी, त्यामुळे तसला बल्ब मिळवायला वैरागची चार दुकानं फिरलो! आधी व्हॉल्व्ह न लावता, नुसता ट्रान्सफॉर्मर तपासायला वीज दिली. बल्ब मंद. मग स्पीकर जोडला, कारण स्पीकरशिवाय हे मशीन चालवलं तर बाहेरचा ट्रान्सफॉर्मर जाण्याची भीती. आणि मग डब्यातले व्हॉल्व्ह एकेक करून सोडवायला घेतले.

इथे थांबावं लागलं. व्हॉल्व्ह ज्या कागदांत होते तो सोलापूरचा 'संचार' होता, मार्च १९८१ चा. म्हणजे त्याच दिवसांतला. आणि तळाशी वहीचा एक कागद, अण्णांच्या अक्षरात. डावीकडून कुठला व्हॉल्व्ह कुठल्या खोबणीत, त्याची यादी. खाली एक ओळ: 'हम वाढली आहे. कंडेन्सर बदलणे.'

हम म्हणजे ती गुणगुण, कंडेन्सर संपत आले की येते. मी तो कागद किती वेळ धरून बसलो होतो कोण जाणे. चाळीसहून अधिक वर्षं मी असं धरून चाललो होतो, की ते मशीन माझ्या सहीनं बंद पाडलं. आणि हा कागद सांगतोय, ते आपलं आपण बंद पडायला आलं होतं!

घरी येऊन वहिनींना कागद दाखवला. त्या पंचाऐंशीच्या आहेत, नजर कमी झालीय, म्हणून वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "व्हय, घरघर करायचं ते. दुरुस्तीला पैसं बी न्हवतं तवा. नवी मशिनं आल्ती ना स्वस्तातली."

मी विचारलं, "मग अण्णा मला कधी बोलले का नाहीत?"

"तुमची सही बघून वाईट वाटलं हुतं त्यांला. पण म्हणायचं, त्यो बरोबर हाय. मग सांगून काय करायचं हुतं, भाऊजी?"

दुरुस्तीला पैसे नव्हते, हे मला ठाऊकच नव्हतं. मी तेव्हा पगारदार होतो. कंडेन्सर काही हजारांचे नसतात. विचारलं असतं तर कळलं असतं. म्हणजे ओझं उतरलं असं वाटेपर्यंत ते दुसऱ्या खांद्यावर आलं. आता ते आहे तसंच राहील. इतिहासात साधन सापडलं की प्रश्न सुटतो, असं मी मुलांना शिकवत आलो. बहुधा अर्धंच शिकवलं.

मशीन घरी आणलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. नातवानं गिटारची पिन माईकच्या भोकात घातली. जुन्या क्रिस्टल माईकसाठी केलेलं ते भोक गिटारलाही चालतं म्हणे. त्यानं मला एक मजेची गोष्ट सांगितली. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ज्यांचं नाव जगभर घेतात ते लिओ फेंडर, त्यांचं कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी १९३८ पासून रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तेही लाउडस्पीकरची मशीनं बनवून भाड्यानं देत! म्हणजे अण्णांचेच व्यवसायबंधू की.

व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागला. आत नारिंगी उजेड आला. मग नातवानं आवाज वाढवला आणि तारा छेडल्या, तर आवाज सरळ फाटला. मी घाबरून उठलो. तो म्हणाला, "आजोबा, हेच तर पाहिजे!" व्हॉल्व्हला झेपेल त्याहून जास्त दिलं की आवाज कडेनं मऊ फाटतो आणि गिटारवाल्यांना तोच आवडतो. मला हसू आलं. अण्णांनी उभं आयुष्य आवाज फाटू नये म्हणून घालवलं. अहेराचा रुपया स्पष्ट ऐकू जावा म्हणून ते माईक तोंडापासून किती बोटं धरायचा ते मोजून धरत. आणि ह्याला तो फाटलेलाच हवाय!

शेजारची मुलगी यंदा दहावीला आहे. तिला आधीच विचारून ठेवलं होतं, किती वाजेपर्यंत चालेल म्हणून. "आठ," म्हणाली. पावणेआठला नातू थांबला.

वहिनी तोवर ओट्यावर येऊन बसल्या होत्या. त्यांनी कनवटीचं नाणं काढून माझ्यापुढे धरलं. "पुकारा," म्हणाल्या. मी माईक हातात घेतला, आवाज अगदी बारीक केला, आणि अण्णांच्या नावानं एक रुपया पुकारला. सूर काही तसा लागला नाही. पण स्पष्ट ऐकू गेलं, असं वहिनी म्हणाल्या.

मशीन आता खालच्या खोलीत आहे. महिन्यातून एकदा तरी अर्धा तास लावायचं, असं मेकॅनिकनी सांगितलंय, म्हणजे कंडेन्सर पुन्हा झोपी जाणार नाहीत. वैरागला आलात तर जरूर या. फक्त दहावीचं वेळापत्रक बघून या.